आईचा नोंदणी क्रमांक

आमच्या घरात शिव्या द्यायला बंदी होती. एक शिवी मात्र छापील होती, म्हणून चालायची: दलाल. वडिलांच्या पत्रकांत ती दर चार ओळींनी यायची. तेंदूपत्त्याचे दलाल, धानखरेदीतले दलाल, सत्तेचे दलाल. वडील एका संघटनेचे पूर्णवेळ कार्यकर्ते होते. पत्रक लिहायचे, छापून आणायचे, आठवडी बाजारात वाटायचे आणि उरलेले भिंतींवर चिकटवायचे, ही त्यांची नोकरी. फक्त तिला पगार नव्हता. त्यातूनही उरलेली पत्रके घरी यायची आणि त्यांची कोरी बाजू माझ्या वाट्याला यायची. पाढे, शुद्धलेखन, नदीवरचा निबंध, सगळे मी त्या बाजूवर लिहिले. पान उलटले की मागे ‘दलालांनो, चालते व्हा’ असायचे. मला वाचता यायला लागले तेव्हा माझी मते तयारच होती.

घर आई चालवायची. गडचिरोलीत, कॉलेजकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून तिची खानावळ होती. एटापल्ली, भामरागड, धानोरा या बाजूंनी शिकायला किंवा भरतीच्या तयारीला आलेली पोरेपोरी तिथे जेवायची. जेवता जेवता कोणीतरी म्हणायचे, “मावशी, खोली पाहून द्या ना.” आई पाहून द्यायची. घरमालक विचारायचे, कोणाची पोरगी, कोणत्या गावची, घरात काय शिजवते. आई म्हणायची, “माह्या घरी जेवते. तुमच्या घरी फक्त झोपन.” खोल्या मिळायच्या. घरमालक आधी तिला परसातली वांगी द्यायचे, नंतर पैसे देऊ लागले. पुढे एकाने घरामागची मोकळी जागा विकून द्यायला सांगितली, तीही तिने विकून दिली. वडील या सगळ्याला ‘खोल्यांचं काम’ म्हणत. दुसरा शब्द घरात सगळ्यांना माहीत होता. तो कोणी उच्चारत नव्हते.

मग कायदा आला. लोक त्याला नुसते रेरा म्हणतात. घरे आणि प्लॉट विकून देणाऱ्याने प्राधिकरणाकडे नोंदणी करायची, त्याआधी प्रशिक्षण घ्यायचे, परीक्षा द्यायची, मग त्याला क्रमांक मिळणार. क्रमांक नसेल तर नोंदणी झालेल्या प्रकल्पातला एकही प्लॉट त्याने दाखवायचा नाही. आमच्याकडच्या पानठेल्यावर बसून जमिनी विकणाऱ्यांनी हे हसण्यावारी नेले. “बापजाद्यापासून दाखवून राह्यलो, आता पेपर द्याचा का?” आई हसली नाही. खानावळीने तिचे गुडघे घेतले होते. चुलीपुढून उठताना ती भिंत धरायची. तिने हिशेब केला होता की उभे राहायचे काम सोडून बसायचे काम करायचे असेल तर हाच एक दरवाजा आहे, आणि तो आत्ता उघडा आहे.

“मले परीक्षा द्याची आहे,” ती म्हणाली.

वडिलांनी चष्मा पुसला. मला वाटले आता काहीतरी निघणार. पण ते म्हणाले, “अभ्यासवर्ग घ्यावा लागेल.” आयुष्यभर त्यांनी अभ्यासवर्गच घेतले होते.

दुपारी खानावळ रिकामी झाली की वर्ग सुरू व्हायचा. आई तांदूळ निवडायला बसायची, वडील कायद्याची प्रत घेऊन समोर.

“प्रवर्तक म्हणजे कोण?”

“शेताचे प्लॉट करून ले-आउट पाडणारा.”

“एवढंच नाही. ज्याच्या हाती जमीन आणि भांडवल ही दोन्ही साधनं एकवटलेली...”

“तुमी प्रश्न इचारून राह्यले का भाषण करून राह्यले? चार पर्याय सांगा. त्यातला एक मी सांगते.”

“इथं पर्याय दिलेले नाहीत.”

“मंग तुमीच तयार करा. सभेत कसे करत होते?”

कोपऱ्यात जेवणारी एक पोरगी तोंडावर हात धरून हसायची. ती एटापल्लीच्याही पलीकडच्या एका गावातली, माडिया घरातली, नर्सिंग शिकत होती. आईला संगणकाचा माऊस तिनेच शिकवला, झेरॉक्सच्या दुकानात नेऊन. आई माऊस उचलून पडद्याला लावायला निघाली होती, हे ती पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना करून दाखवायची. परीक्षा नागपूरला झाली. आई पास झाली.

क्रमांक आला तो अक्षरे आणि आकडे मिळून इतका लांब होता की एका दमात वाचता यायचा नाही. प्रमाणपत्राला प्लास्टिक चढवून आईने ते खानावळीत दरपत्रकाशेजारी लावले. शेजारणीने येऊन त्याला हळदीकुंकू लावले आणि जाताना म्हणाली, “आता मावशीले मॅडम म्हणा लागते बाप्पा.” ती थट्टा होती, पण गावात खरेच फरक पडला. पूर्वी प्लॉटवाल्यांच्या बैठकीत आईला चहा मिळायचा आणि मग सगळे तिच्याकडे ती कधी जाते म्हणून पाहायचे. आता तिला खुर्ची मिळू लागली. तिने सकाळची खानावळ बंद केली, फक्त रात्रीची ठेवली. गुडघ्यांना तेवढा आराम मिळाला. क्रमांक होता म्हणून तो आराम होता. आमच्या घरात हे सगळ्यांना कळत होते.

काही महिन्यांनी एक ले-आउटवाला आला. सावली तालुक्याच्या बाजूला त्याने आधी प्लॉट विकले होते. आता आमच्या गावाबाहेर त्याने धानाची शेती घेऊन तिच्यात चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. माणूस बोलायला गोड होता. आईला पहिल्या वाक्यापासून मॅडम म्हणाला. त्याचे म्हणणे असे की प्लॉट आईने विकून द्यावेत आणि रस्त्यावरच्या मोठ्या फलकावर तिचा नोंदणी क्रमांक टाकू द्यावा.

“तुमच्या ले-आउटचा नंबर काऊन नाई टाकत?” आईने विचारले.

“त्याला नंबर लागतच नाही, मॅडम. छोटा आहे.”

तो छोटा नव्हता. कायद्यात एक मर्यादा आहे, तिच्या आतल्या ले-आउटला नोंदणी लागत नाही. याने आपल्या एका सलग तुकड्याचे तीन केले होते. तीन नावे, तीन नकाशे, आणि प्रत्यक्षात मध्ये एक चुन्याची रेघ. प्रत्येक तुकडा मर्यादेच्या आत. म्हणजे जमिनीची नोंदणी टाळायची आणि नोंदणीची अब्रू मात्र आईच्या क्रमांकातून घ्यायची. माझ्या लहानपणीच्या कुठल्याही पत्रकात हा प्रसंग जसाच्या तसा बसला असता.

त्या रात्री जेवताना मी बोलले. “आई, हा कायद्याला वाकुल्या दाखवतोय, आणि त्याला तुझं तोंड पाहिजे.”

“कायद्यात बसते का नाई, एवढं सांग.”

वडिलांनी प्रत आणली. बराच वेळ वाचली. “बसते,” ते म्हणाले. आपण लावलेला अर्थ बरोबर असल्याचे इतके दुःख झालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

“मंग झालं. तुमच्या पत्रकात बसत नसन तं थे तुमी पाहा. माह्ये गुडघे पत्रकानं वाकत नाई.”

फलक लागला. वर ‘शासन नोंदणीकृत’ अशी अक्षरे, खाली आईचा क्रमांक, ले-आउटच्या नावापेक्षा मोठा. शब्दशः पाहिले तर त्यात खोटे काही नव्हते. आई नोंदणीकृत होतीच. आईने दोन-चार घरांना प्लॉट दाखवले, आणि सिंदेवाहीकडच्या एका शिक्षकाने इसार देऊन एक धरूनही ठेवला.

दरम्यान नर्सिंगवाली पोरगी शिकून दवाखान्यात लागली होती. तिच्या बापाला वाटत होते की तिला इथे स्वतःची जागा असावी. तो गावाहून आला तो आधी फलक पाहून, मग आमच्याकडे. उंच, सडसडीत माणूस, खांद्यावर दुपट्टा. आईने ताट वाढले. तो जेवला, हात धुतले, आणि अगदी सहज विचारले, “बाई, पाहणीले कोण कोण होते?”

“कायची पाहणी, भाऊ?”

“जमिनीची. पाटीवर नंबर आहे ना. म्हणजे पाहणी झाली असन.”

आईला कळले नाही. मला कळले, कारण वडिलांनी वनहक्काच्या दाव्यांवर कितीतरी पत्रके काढली होती. त्याच्या गावाने वर्षानुवर्षे त्या दाव्यांमागे फेऱ्या घातल्या होत्या. त्या कामात क्रमांक ही सर्वांत शेवटी मिळणारी गोष्ट. आधी गावाची सभा बसते. मग समिती शेतावर जाते, चारही बाजूंनी चालते, शेजारच्या शेतवाल्याला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे करून विचारते की इथपर्यंत याचे, हे तुला मान्य आहे का. त्यानंतर कागद वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. एवढे होऊन जो टिकला त्याच्या पट्ट्यावर सरकार क्रमांक घालते. त्यामुळे ज्याच्यावर सरकारी क्रमांक आहे ती जमीन गावाने चालून पाहिलेली आहे, हा त्याचा पक्का समज होता. त्याच्या जागी असते तर मीही तेच समजले असते.

“भाऊ, थो नंबर माहा आहे,” आई म्हणाली. “जमिनीचा नाई.”

तो हसला. आई संकोचाने बोलते आहे असे त्याला वाटले असावे. “तुमचाच ना. म्हणून तं आलो. पोरगी तुमच्या घरी जेवली.” मग त्याने थोडा विचार केला. “मंग पाहणी बाकी आहे म्हणा ना. मी लोकं घेऊन येतो.”

“एका प्लॉटसाठी लोकं?”

“काऊन? एकट्यानं पाहणी होते का?”

आणि तो खरोखरच लोक घेऊन आला. एक जीपभर माणसे, त्यांत दोन बाया आणि गावातला एक म्हातारा, ज्याच्याशिवाय तिथे कोणाच्या जमिनीचे काही ठरत नव्हते. पोरगी ड्युटीवरून तशीच आली होती, युनिफॉर्ममध्ये, आणि लाजेने अर्धी झाली होती.

“बाबा, इथी असं नसते करत.”

“काऊन, इथी शेजारी नसते?”

ले-आउटवाला छत्री घेऊन उभा होता. त्याने आईकडे पाहून डोळे मिचकावले. “मॅडम, गिऱ्हाईक आणलं की वरात?”

“वरातच आहे,” आई म्हणाली. “नवरदेव तुमी.”

माणसे प्लॉटच्या चारही बाजूंनी चालली. आत कोणी गेले नाही, लांबीरुंदी कोणी मोजली नाही. त्यांना शेजारी पाहिजे होते. तीन बाजूंना प्लॉटच होते, रिकामे. चौथ्या बाजूला धुरा आणि धुऱ्यापलीकडे उभा धान, निसवलेला. म्हाताऱ्याने तोंडाशी हात धरून हाक मारली. धानाच्या बांधीतून एक शेतकरी वर आला, ओले पाय घेऊन, जरा घाबरलेला. इतकी माणसे पाहून त्याला वाटले असेल भांडण आहे.

पोरीच्या बापाने त्याला धुऱ्यावर उभे केले. “भाऊ, हा दगड पाहा. इथवर या प्लॉटचं. तुमाले मान्य आहे का?”

शेतकऱ्याने दगड पाहिला. “दगड बरोबर आहे. माहं काई म्हणणं नाई.” मग त्याने सगळ्यांकडे पाहिले. “पण तुमी येसान कुठून?”

“रस्त्यानं.”

“कोणत्या?”

ले-आउटवाल्याने नकाशा उघडला. नकाशात रुंद रस्ता होता, दोन्ही बाजूंना झाडे काढलेली. जमिनीवर चुन्याची रेघ धुऱ्यापर्यंत येऊन थांबली होती. पुढे धान.

“हा तं माहा धान आहे,” शेतकरी म्हणाला.

“ते होऊन जाईल,” ले-आउटवाला म्हणाला. “बोलणं चालू आहे.”

“कोणासंगं?”

“म्हणजे... तुमच्याशीच.”

“माह्यासंगं? मी तं रोज इथीच असतो. कोणी आलं नाई. आज हे भाऊ पयल्यांदा इचारून राह्यले, अन् थे बी दगडाचं.”

दोन्ही बाया हसल्या. ले-आउटवाल्याने छत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. आतापर्यंत आलेली गिऱ्हाईके आईच्या मागून दुसऱ्या शेताच्या कडेने, कोरड्या पायवाटेने आली होती. ती वाट कोणाची, हे त्यांनी विचारले नव्हते. आईनेही विचारले नव्हते.

पोरीचा बाप आईकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता; काम पुढच्या पायरीवर गेले होते, इतकेच. “बाई, लिहा. रस्त्याची हरकत आहे.”

“मी लिहिणारी नोहो, भाऊ.”

“मंग कोण लिहिते?”

उन्हात उभी राहून आईचे गुडघे दुखत असणार, कारण तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मी साहेब नोहो,” ती म्हणाली. “मी दलाल आहे.”

आमच्या घरातल्या माणसाने तो शब्द स्वतःसाठी वापरलेला मी प्रथमच ऐकला. वडील तिथे नव्हते ते बरे झाले, की असायला हवे होते, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पोरीच्या बापाने तो शब्द आपल्या लोकांना माडियात समजावून सांगितला. ते आपसात बोलले. म्हातारा मान हलवून “हिल्ले, हिल्ले” म्हणाला. एवढे मला कळले की तो नाही म्हणतो आहे. मग बाप परत आईकडे आला.

“साहेब नाई तं नाई. पण पाटीवर नंबर तुमचाच लागला आहे ना?”

“हाव.”

“मंग तुमालेच सांगतो. रस्ता नाई. जमीन नोको.”

ते सगळे जीपमध्ये बसून गेले. पोरगी मागे राहिली, बुटाच्या टोकाने चुना पुसत.

आई त्याच दिवशी शिक्षकाकडे गेली. त्याला सांगितले की रस्ता नाही, इसार परत मागा. तो शिकलेला माणूस, पण चिडला तो अगदी त्याच कारणाने. “मावशी, फलकावर नंबर पाहूनच दिला ना मी!” घरी येताना आई म्हणाली, “थो जंगलातला माणूस म्हणून त्याले समजलं नाई असं नाई. सगळ्यायले तसंच समजते.” थोडे चालून ती म्हणाली, “तसं समजावं म्हणूनच थो फलक आहे.”

हे मी आधी म्हटले होते, पण मी ते न पाहता म्हटले होते.

ले-आउटवाल्याकडे आम्ही दोघी गेलो. त्याने चहा मागवला. “मॅडम, रस्ता होऊन जातो. सगळीकडे असंच होतं. आधी माणसं येतात, मग रस्ता येतो.”

“मंग रस्ता आल्यावर नंबर लावा. आता काढा.”

“काढता येत नाही. लोक काय समजतील?”

“जे आहे थे समजतीन.”

त्याने बशी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. एखाद्याला बसची वेळ सांगावी तसे सांगितले. “तुम्ही फार ताणलं तर मलाच तक्रार करावी लागेल. तुमची. जाहिरात तुमच्या नंबरवर आहे. माझी तर नोंदणीच नाही. मला कोण, काय विचारणार?”

बाहेर आल्यावर मी म्हटले, पत्रक काढू. गावभर वाटू. वडिलांनी तर घरी पोचेपर्यंत पहिला परिच्छेद लिहून ठेवला होता. त्यात भूमाफिया होते, लूट होती, जनता होती. आईने वाचले. “यात मी कुठी आहे?” तिने विचारले. ती त्यात नव्हती. पत्रकात तिला ठेवायला जागाच नव्हती, कारण तिच्यासाठीचा शब्द आधीच दुसऱ्या बाजूला छापलेला होता.

“लिहायचं तं प्राधिकरणाले लिहा,” ती म्हणाली. “अन् मी सांगते तसं लिहा.”

तिने सांगितले तसे मी लिहून घेतले. माझा क्रमांक या फलकावर मी लावू दिला. ले-आउटला नोंदणी नाही. तिथे जायला रस्ता नाही. मी आधी शेजारच्या शेतकऱ्याला विचारले नव्हते. तो क्रमांक तिथून काढायला सांगावे.

“विचारले नव्हते, हे वाक्य नको,” मी म्हणाले. “स्वतःच्या हाताने कशाला देतेस?”

“खरं काय आहे?”

“खरं आहे, पण...”

“मंग ‘पण’ खोड अन् बाकीचं ठेव.”

उत्तर येईपर्यंत फलक तसाच राहणार होता आणि लोक तो वाचत राहणार होते. आई एका सकाळी वडिलांना म्हणाली, “तुमाले एक तं काम येते. खळ शिजवा.” वडिलांनी मैद्याची खळ शिजवली, पातळ नाही आणि घट्टही नाही, जशी भिंतीवर एका झटक्यात बसते. घरात कोरा कागद नव्हता. माळ्यावर जुन्या पत्रकांचा गठ्ठा होता. भर दिवसा आम्ही शिडी घेऊन गेलो. वडील वर चढले आणि आईच्या क्रमांकावर एकेक पत्रक चिकटवत गेले, छापील बाजू आत, कोरी बाजू बाहेर. अनेक वर्षांनी त्यांचा हात तसा चालताना मी पाहत होते. आई खाली शिडी धरून उभी होती.

धुऱ्यावरून तो शेतकरी पाहत होता. “काका, काय लिहिलं आहे त्याच्यावर?”

“काहीच नाही.”

“मंग कायले चिकटवून राह्यले?”

वडिलांनी बुरूश खळीत बुडवला. “हिला विचारा.”

“माह्यं नाव झाकून राह्यले,” आई म्हणाली. “चांगलं झाका, थो आकडा दिसून राह्यला.”

पावसाच्या एका सरीने कागद सुटले. वडील पुन्हा जाऊन लावून आले. असे काही वेळा झाले, आणि मग ले-आउटवाल्यानेच कंटाळून फलक बदलला. नव्या फलकावर क्रमांक नव्हता, फक्त झाडांच्या रांगेचे चित्र होते.

प्राधिकरणाची सुनावणी फोनवर, चित्रासह झाली. पोरीने तिचा फोन आणून तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला. समोरचे अधिकारी शांत होते, आईला बोलू देत होते. त्यांनी विचारले, प्रकल्प नोंदणीकृत आहे का. नाही. नोंदणी लागते का. तीन तुकडे वेगळे धरले तर लागत नाही. मग त्यांनी सांगितले की तुकड्यांची बाब ते जिल्ह्याला कळवतील. प्रकल्प त्यांच्याकडे नसल्यामुळे त्यावर त्यांना लगेच काही करता येणार नाही. एजंटची बाब त्यांच्याकडे आहे. नोंदणी नसलेल्या ले-आउटच्या जाहिरातीत आपला क्रमांक अशा रीतीने लावू देणे, ज्याने लोकांचा गैरसमज होईल, ही चूक आहे. चूक स्वतः कळवली, याची नोंद ते घेतील.

आईचा क्रमांक काही महिन्यांसाठी गोठवला गेला.

ज्याने जमिनीला रस्ता नसताना नकाशात रस्ता काढला तो कायद्याच्या बाहेर उभा होता, म्हणून सुटला. जी आपण होऊन परीक्षा देऊन, नाव लिहून कायद्याच्या आत आली तिच्यापर्यंतच कायद्याचा हात पोचला. मी हे मोठ्याने म्हटले. वडिलांनी ते लगेच कागदावर टिपून घेतले. आईने फोन पोरीला परत दिला आणि विचारले, “भात उतरवला का कोणी?” भात खाली लागला होता. त्याच रात्री सकाळची खानावळ पुन्हा सुरू करायचे ठरले. ती भिंत धरून उठली. प्रमाणपत्र तिने भिंतीवरून काढले नाही, उलटे करून लावले.

खोली भाड्याने पाहून द्यायला मात्र क्रमांक लागत नाही. नर्स झालेल्या पोरीला जुन्या होस्टेलमधून निघायचे होते. आईने दवाखान्याजवळ एक खोली पाहिली. पोरीचा बाप पुन्हा आला. या वेळी माणसे कमी होती, पण होती. घरमालकाने सगळ्यांना दारात पाहिले.

“मावशी, भाड्याची खोली आहे. सोयरीक जोडून राह्यले का?”

“जरासं थांबा,” आई म्हणाली. या वेळी कोणाला तिला सांगावे लागले नाही. ती आपणच शेजारच्या दाराशी गेली आणि कडी वाजवली. आतून एक बाई हात पुसत आली.

“बाई, हे पोरगी तुमच्या शेजारी राहाले येऊन राह्यली. तुमचं काई म्हणणं?”

“माहं कायचं म्हणणं? राहू द्या ना.” बाईने पोरीच्या युनिफॉर्मकडे पाहिले. “दवाखान्यातली का वो? रात्रपाळी असन मंग.”

“असते,” पोरगी म्हणाली.

“हे भाऊ तं गेट लवकर लावून टाकते. कुलूप. आमचा माणूस एकदा बाहेरच राह्यला होता.”

मालक म्हणाला, तो नियम आहे, सगळ्यांना सारखा. पोरीच्या बापाने दुपट्टा खांद्यावर नीट केला आणि आईकडे पाहिले. त्याची माणसेही आईकडे पाहू लागली.

“गेटची एक चावी पोरीजवळ पाह्यजे,” आई म्हणाली.

“असं मी कोणाले देत नाई, मावशी. हे कोणत्या कायद्यात आहे?”

“कायद्यात नाई. खोली पाह्यजे का रिकामी, एवढं सांगा.”

मालकाने एकदा शेजारणीकडे रागाने पाहिले. शेजारीण आत गेली नाही. हात पुसून झाले होते तरी पुसत उभी राहिली. मग मालक जास्तीची चावी शोधायला आत गेला, आणि आम्ही सगळे दारात उभे राहिलो.